घड्याळांचा डबा मी देणार नाही

रविवारी सकाळी चिक्कडपल्लीत नामदेवरावांच्या घरी, वरच्या खोलीत, घड्याळवाल्यांची बैठक भरते. घड्याळवाले म्हणजे दुकानदार नव्हेत. चावीची जुनी घड्याळं जमवायची, डोळ्याला भिंग लावून त्यांची पोटं उघडून बघायची आणि दुसऱ्याच्या घड्याळाला नावं ठेवून तृप्त मनाने जेवायला घरी जायचं, एवढाच उद्योग असलेली ही पाच-सहा पिकली माणसं. त्या खोलीत बाईमाणूस आलंच तर चहाचा ट्रे घेऊन येई आणि ट्रे ठेवून जाई.

त्या रविवारी चारुलताबाई आल्या. हातात स्टीलचा फराळाचा डबा. मागे सून पल्लवी, उतरलेल्या चेहऱ्याने गाडीची किल्ली बोटात फिरवत. सगळे उठून उभे राहिले, कारण त्यांचे यजमान एकनाथराव जाऊन जेमतेम महिना झाला होता. चारुलताबाई त्या उभ्या माणसांमधून ताठ चालत गेल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. ती खुर्ची एकनाथरावांची. महिनाभर तिच्यावर बसायची कुणाची छाती झाली नव्हती.

नामदेवरावांनी दोन्ही हात पुढे केले. "द्या वहिनी. कशाला तरास घेतलाव? मीच आलो असतो की बरकतपुऱ्याला, न्यायला."

"न्यायला?" चारुलताबाईंनी डबा मांडीवर घट्ट धरला. "हा मी द्यायला आणलेला नाही."

"मग?"

"शिकायला आणलाय. ही घड्याळं उघडायची कशी, आत बघायचं काय, पुन्हा लावायची कशी, ते मला शिकवा."

 मग कोपऱ्यातून हशमतभाई हसले. हशमतभाई मलकपेठचे, बैठकीत सगळ्यांत बारीक काम त्यांच्या हातचं आणि सगळ्यांत तिखट जीभही त्यांचीच. "अरे भाभी, ये मशीन है. इसमें बघार नक्को डालो."

"बघार मी वरणाला घालते, भाईजान. करपला तर मला कळतं. तुमचा चहा कधीचा गार झालाय, तुम्हाला कळलेलं नाही."

हशमतभाईंनी कपाकडे पाहिलं. खरंच गार झाला होता.

आता हा डबा काय, आणि त्याच्यावरून एवढं काय पेटलं, ते सांगायला हवं. एकनाथराव देगलूरकडच्या शेतकरी घरातले. हैदराबादला बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला लागले आणि पहिल्या पगारापासून त्यांना जुन्या घड्याळांचा नाद लागला. दारू नाही, पत्ते नाहीत, रेसकोर्स एवढा जवळ असून घोडा नाही. घड्याळं. मलमलच्या चिंध्यांत गुंडाळून ती फराळाच्या डब्यात ठेवलेली असत, कारण चोर फराळाच्या डब्यात बघत नाही असा त्यांचा सिद्धान्त होता. रोज सकाळी एक घड्याळ बाहेर निघे, त्याला चावी दिली जाई आणि ते दिवसभर मनगटावर मिरवे. शेवटच्या वर्षांत त्यांची बोटं आखडली. मग ते घड्याळ धरत आणि चावी चारुलताबाई फिरवत. "बास, बास, आता तिचं पोट भरलं," असं ते म्हणत. संसारातलं त्यांचं शेवटशेवटचं प्रेम म्हणाल तर ते एवढंच होतं, पण होतं रोजचं.

एका मंगळवारी सकाळी चहा घेता घेता ते गेले. त्याच दिवशी नामदेवराव भेटायला आले, तेव्हा चारुलताबाई आत होत्या. बाहेर पल्लवीशी त्यांचं काही बोलणं झालं. पल्लवी पुण्याची, आयटीतली, सरळ मनाची मुलगी. तिने रात्री नवऱ्याला, कौस्तुभला सांगितलं आणि मग दोघांनी मिळून आईला सांगितलं: "आई, बाबांची शेवटची इच्छा होती. जायच्या दोन दिवस आधी ते नामदेवकाकांना म्हणाले, माझ्यामागे घड्याळं तुम्ही सांभाळा."

दोन दिवस आधी म्हणजे रविवारी. रविवारी ते बैठकीला गेलेच होते. सगळं जुळत होतं.

चारुलताबाई रडल्या नाहीत. त्यांनी फोटोपुढे जाऊन विचारलं, "चावी द्यायला मी, आणि सांभाळायला नामदेवराव?" त्या दिवसापासून त्यांनी फोटोला फुलं वाहिली नाहीत. दिवा लावायच्या, पण बोलायच्या नाहीत.

या बाईंचा स्वभावच तसा. उदगीरकडची पोर लग्न होऊन हैदराबादला आली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली. ट्रंक कॉल लागला नाही की लोक ऑपरेटरच्या सात पिढ्या काढत. उर्दूत काढत, तेलुगूत काढत. समोरच्याचा आवाज चढला की चारुलताबाई आपला आवाज खाली आणत, "कृपया थांबा" म्हणत आणि शांतपणे दुसऱ्याची लाइन जोडून देत. वरच्या साहेबाने एकदा विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "साहेब, वायर माझ्या हातात आहे."

तर अशा बाईंसमोर नामदेवराव उभे होते, आणि ते काही वाईट मनाचे नव्हते. त्यांनी समजूत घातली. "वहिनी, बैठकीचा एक रिवाज आहे. ज्याला मशीन वाचता येत नाही त्याच्याजवळ घड्याळ ठेवू नये. ते मरतं. लोक कपाटात ठेवतात, आत तेल वाळतं, गंज चढतो. एकनाथच्या घड्याळांचं तसं झालं तर मला वर तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"म्हणून तर शिकवा म्हणते."

"हे एक-दोन म्हैन्यांचं काम न्हाई."

शेवटी कौस्तुभने फोनवरून तोडगा काढला. दसऱ्याला बैठकीतली सगळी मंडळी आपापल्या घड्याळांची पूजा करून त्यांना एकदम चावी देतात. त्या दिवशी आईने डब्यातलं एक घड्याळ सगळ्यांसमोर उघडावं, वाचावं आणि झाकण लावून पुन्हा चालू करावं. जमलं तर डबा आईचा. नाही जमलं तर बाबांची इच्छा पाळायची. नामदेवराव हो म्हणाले. पल्लवी हो म्हणाली. चारुलताबाई काहीच म्हणाल्या नाहीत, आणि त्यांचं गप्प बसणं हाच सगळ्यांनी होकार समजला. ती त्यांची चूक.

मग शिकणं सुरू झालं. पहिला रविवार नुसतं घड्याळ हातात धरण्यात गेला. "हल्लू, भाभी, हल्लू," हशमतभाई बजावत. "चिमटा पकडे तो ऐसा पकडना, जैसे चिड़िया का बच्चा पकड़े." बुधवारी-गुरुवारी घरी बाई बंद पडलेल्या जुन्या घड्याळावर हात बसवायच्या. मागचं झाकण फिरवून काढायचं. आतली मोठी कमान, जी चावीने गुंडाळली जाते आणि उलगडता उलगडता सगळ्या चाकांना फिरवते. शेवटचं ते डुलणारं चाक, बॅलन्स, आणि त्याच्या पोटातली केसासारखी बारीक बाल-कमान, जिला श्वास लागला तरी ती रुसते. आणि जिथे चाकांचे टोकदार पाय टेकतात तिथले ते लाल थेंब, माणकं. पहिल्यांदा भिंगातून ती माणकं दिसली तेव्हा चारुलताबाई म्हणाल्या, "अगंबाई, नाकात चमकी घालून बसलीय की ही!" आणि हशमतभाईंनी पहिल्यांदा दाद दिल्यासारखी मान हलवली.

पल्लवी आधी फक्त सोडायला यायची आणि मोबाइल बघत बसायची. सासू सासऱ्यांच्या इच्छेविरुद्ध हट्टाला पेटली आहे, असं तिला मनापासून वाटत होतं. पण समोर चाकं फिरत असताना इंजिनिअर बाईने किती वेळ मान फिरवून बसावं? एका रविवारी तिने नाक खुपसलंच. "आई, हे चाक ह्याला ढकलतंय, मग ते सोडतंय... म्हणजे हा टिक् आवाज अडवण्याचा आहे!"

"हौ," हशमतभाई म्हणाले. "रोकते, छोड़ते, रोकते, छोड़ते. शादी के वैसा."

दोघी एकत्र शिकू लागल्या आणि दोघी मिळून चुका करू लागल्या. पल्लवीने सुलतान बाजारातून मोठ्या डौलाने एक घड्याळ आणलं. नामदेवरावांनी झाकण काढलं आणि डोक्याला हात लावला. डायल एकाची, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं. "ही खिचडी हाय, पोरी," ते म्हणाले. असल्या घड्याळांना बैठकीत खिचडीच म्हणतात.

"आपल्याकडे सकाळी खिचडी-खट्टा आवडीने खातात," चारुलताबाई म्हणाल्या. "राहू दे तिला. चालतंय ना?"

"चालणं वेगळं, अस्सल असणं वेगळं."

"ते तुमच्यासाठी."

एकदा बाईंच्या चिमट्यातून तिळाएवढा स्क्रू उडाला. बैठकीतले सगळे बुजुर्ग सतरंजीवर रांगले. कुणाचा गुडघा धरला, कुणाची कंबर. नामदेवरावांच्या सौ. चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांना वाटलं, ही माणसं नमाज पढतायत की घोडा-घोडा खेळतायत. स्क्रू निघाला चारुलताबाईंच्याच निऱ्यांत. "काढू नका म्हणते त्याला, माझ्याकडेच राहायचंय," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. पण त्यातला टोमणा नामदेवरावांना बरोबर लागला.

दसरा आला. नामदेवरावांच्या खोलीत पाटावर लाल कापड, त्याच्यावर घड्याळांच्या रांगा, झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं. हशमतभाई अत्तर लावून आले होते. कौस्तुभही आला होता, दाराजवळ बुटांशेजारी उभा. त्याला आईकडे बघवत नव्हतं.

चारुलताबाईंनी डब्यातून कोणतं घड्याळ काढलं? एकनाथरावांचं सगळ्यांत लाडकं, स्विस, पांढऱ्या डायलचं, लग्नाच्या फोटोत त्यांच्या मनगटावर आहे ते. सोपं घड्याळ घ्या म्हणून पल्लवीने कानात सांगून पाहिलं होतं. बाई म्हणाल्या, "घ्यायचंच तर हेच."

झाकण निघालं.  त्यांनी भिंग लावलं, मशीनवरून सावकाश नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात, एके काळी ज्या आवाजात त्या "दिल्ली लाइनवर आहे" म्हणत त्या आवाजात, सांगितलं: "डायल मूळची. काटे मूळचे. मशीन मूळचं. घड्याळ अस्सल आहे."

 नामदेवरावांनी मान खाली घातली. हशमतभाई हळूच म्हणाले, "भाभी, डायल पे क्या लिखा है?"

"सतरा माणकं."

"मशीन पे देखो. बॅलन्स के बाजू में."

त्यांनी पुन्हा भिंग लावलं. मशीनवर कोरलेलं होतं: पंधरा.

ज्या मनगटावर चाळीसहून अधिक वर्षं ते घड्याळ पाहिलं, त्या मनगटावरचं काही खोटं असेल हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. त्यांनी आकडा वाचला नव्हता. नवऱ्याला वाचलं होतं. एकनाथरावांचं अस्सल घड्याळ खिचडी निघालं.

"वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," नामदेवरावांना खरंच वाईट वाटलं होतं. "त्याचं मशीन मीच बदललंय. परवा."

"परवा?" पल्लवी चमकली. "काका, परवा तर हा डबा आमच्या घरी होता. आईंच्या कपाटात. कुलपात!"

नामदेवराव गोंधळले. "न्हाई गं, परवा म्हणजे... कौस्तुभ रांगत होता तवा. ह्यानं हे घड्याळ पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवलं. वहिनी ड्युटीवर होत्या. एकनाथ पळत आला माझ्याकडं. म्हणला, ती यायच्या आत काहीतरी कर, न्हाईतर मला घरात घ्यायची न्हाई."

दाराजवळचा कौस्तुभ, दोन लेकरांचा बाप, बुटांकडे बघू लागला.

चारुलताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भिंग खाली ठेवलं. हैदराबादचा परवा त्यांना चांगला ठाऊक होता. इथे काल म्हणजे काल. पण कालच्या मागे जे काही घडलं, लग्नं, बारशी, दंगली, निवडणुका, सगळं परवाच घडलेलं असतं. उर्दूवाल्यांचं परसों तसंच, आणि त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी माणसाचं परवाही तसंच.

"नामदेवराव," त्या म्हणाल्या, "हे गेले त्या दिवशी तुम्ही पल्लवीला नेमकं काय म्हणालात? शब्द न् शब्द सांगा."

"हेच की, एकनाथ मला परवाच म्हणला होता, माझ्यामागं घड्याळं तुम्ही सांभाळा."

"कोणत्या परवा?"

नामदेवरावांनी डोळे बारीक केले. आठवलं तसं त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "त्याच की. मशीन बदललं त्याच दिवशी. म्हणला, हे पोरगं माझी घड्याळं कच्ची खाईल, मी मेल्यावर तूच सांभाळ बाबा. आम्ही लै हसलो."

पल्लवीने दोन्ही हात तोंडावर धरले. "आई... मी... मला वाटलं परवा म्हणजे... त्या मंगळवारच्या आधीचा रविवार..." तिचे डोळे भरून आले. "मी त्याला शेवटची इच्छा म्हटलं."

"तुझी चूक नाही," चारुलताबाई म्हणाल्या. "पुण्याच्या परव्याला तारीख असते. आमच्या परव्याला नसते." आणि मग, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा, त्यांच्या मनात त्या फोटोतल्या माणसाशी सरळ बोलणं झालं: लबाडा, बायकोला भिऊन मशीन बदललंस आणि जन्मभर मला अस्सल म्हणून दाखवत राहिलास.

नामदेवराव उठले. त्यांनी पाटावरचा डबा उचलला आणि दोन्ही हातांनी चारुलताबाईंपुढे धरला. "घ्या वहिनी. माझंच चुकलं. इच्छाच न्हवती तर रिवाज कशाचा आन् परीक्षा कशाची? डबा तुमचा."

टाळी वाजवून पडदा पाडावा अशी ही जागा. पण चारुलताबाईंनी हात पुढे केला नाही.

"तो ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरचा डबा मला कसला देता? आणि एक ऐका सगळ्यांनी. कौस्तुभ, तूही. ती इच्छा खरीच शेवटची असती, त्यांनी स्वतः माझ्यासमोर सांगितली असती, तरी मी डबा दिला नसता. मेलेल्या माणसाच्या घड्याळाला चावी जिवंत माणूसच देतो. ती मी देणार. हे मी पहिल्या रविवारीच ठरवून आले होते. तुम्ही कुणी विचारलं नाहीत, म्हणून सांगितलं नाही."

"मग दसऱ्याची अट?" कौस्तुभ पुटपुटला.

"तू घातलीस. ह्या दोघांनी मान्य केली. माझा आवाज ऐकलास का त्यात?"

हशमतभाईंना राहवलं नाही. "वो सब ठीक है भाभी, मगर इम्तेहान तो फेल ना?"

"फेल. साफ फेल." त्यांनी मान्य केलं, आणि असं मान्य केलं की ऐकणाऱ्याला आपणच नापास झाल्यासारखं वाटावं. "पुन्हा घ्या."

"बैठकीच्या रिवाजात पुन्हा न्हाई, वहिनी," नामदेवराव अजीजीने म्हणाले. "एकदाच."

"मग त्या रिवाजाचं झाकण उघडा. किती वर्षं तेल घातलं नाही त्याला?"

"परसोंच तो डाले थे," हशमतभाई म्हणाले, आणि खोली अशी हसली की पाटावरच्या पाकळ्या हलल्या.

हसणं ओसरलं तरी एक गोष्ट राहिलीच होती. ते घड्याळ अजून उघडंच होतं. चारुलताबाईंनी चिमटा घेतला, झाकण बसवलं, चावी फिरवली, बोटाला पोट भरल्याचा अंदाज आला तिथे थांबल्या आणि घड्याळ कानाला लावलं. काही नाही. झाकण काढताना किंवा लावताना कुठेतरी काहीतरी अडकलं होतं.

"लाओ, मेरे को दो," हशमतभाई पुढे झुकले.

"नाही."

"भाभी, जेवणाचा टाइम झालाय. बाल-कमान अटकी होगी, एक मिनट का काम है."

"मग मला एक तास लागेल. बसा."

त्यांनी झाकण पुन्हा काढलं. पल्लवीने डोळे पुसले, खुर्ची सासूच्या शेजारी ओढली आणि दाराकडे मान वळवून म्हणाली, "कौस्तुभ, तू जा. मुलांना वाढ, श्रीखंड फ्रीजमध्ये आहे. आम्हाला उशीर होईल."

कौस्तुभ गेला. नामदेवराव खाली सौभाग्यवतींना निरोप द्यायला गेले, की दोन पानं वाढवा. बाकीचे घुटमळत उभे राहिले. खरं तर जायचं कुणालाच नव्हतं. चारुलताबाई भिंगात डोळा घालून श्वास रोखून बसल्या होत्या, आणि हशमतभाईंनी काही न बोलता टेबलावरचा दिवा ओढून त्यांच्या हातांजवळ आणला.